ग्रामसभेत विषय कसा मांडावा आणि ठराव तडीस कसा न्यावा

ग्रामसभेत ज्याचा आवाज चढतो त्याचं काम होतं, असा गावोगावी समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. ज्याचा अर्ज आवक नोंदवहीत चढलेला असतो, त्याच्या कामाला निदान सुरुवात तरी होते. आरडाओरडा करणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवता येतं, आवक क्रमांकाला उत्तर द्यावं लागतं.

हा लेख महाराष्ट्रातल्या ग्रामसभेबद्दल आहे. समजायला सोपं जावं म्हणून एकच प्रश्न शेवटपर्यंत सोबत ठेवू: खालच्या आळीत पावसाळा सुरू झाला की नळाला गढूळ पाणी येतं. एके ठिकाणी गटार तुंबून जलवाहिनीवर आलंय आणि पाइपाचा जोड तिथंच गळतोय. तुमचा प्रश्न वेगळा असेल, रस्ता बहुतेक हाच राहील.

आधी ठरवा, काम कुणाचं आहे

अर्ध्या ग्रामसभा इथंच वाया जातात. तलाठ्याची तक्रार ग्रामसेवकाकडे, महावितरणची तक्रार सरपंचाकडे, आणि दोन तास संपले.

गावचा पाणीपुरवठा, गल्लीतले रस्ते, गटारं, दिवाबत्ती, कचरा, स्मशानभूमी, घरपट्टी-पाणीपट्टी, गावातल्या सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण ही ग्रामपंचायतीची कामं. अतिक्रमण काढायचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ मध्ये सरळ दिलेला आहे, तेव्हा ‘आमच्या हातात काही नाही’ हे उत्तर तिथं चालत नाही.

रस्त्याचं मात्र तपासून घ्यावं लागतं. गावाबाहेरचा रस्ता ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर तो साधारणपणे जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. गावातल्या रस्त्यांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये असते. रस्ता त्या नोंदवहीत नसेल तर आधी नोंद घ्यायला लावा, नाहीतर त्यावर पैसे टाकताना अडचण काढली जाते. शेतरस्ता अडवला असेल तर तहसीलदार: जुना रस्ता अडवला असल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, बांधावरून नवा हवा असल्यास जमीन महसूल संहितेचं कलम १४३. रेशनचं पुरवठा शाखेकडे. विजेचा खांब वाकला तर महावितरण, खांबावरचा दिवा गेला तर ग्रामपंचायत.

दुसऱ्या खात्याचं काम असलं म्हणून ग्रामसभेत ते बोलायचंच नाही असं नाही. ग्रामसभा मागणीचा ठराव करून त्या खात्याला पाठवू शकते आणि एकट्यादुकट्याच्या अर्जापेक्षा त्याला वजन असतं. फक्त तो ठराव मागणीचा आहे, हुकमाचा नाही, एवढं लक्षात ठेवून शब्द लिहा.

जन्म-मृत्यूचा दाखला, नमुना आठचा उतारा, निराधार असल्याचा दाखला असल्या कामांसाठी ग्रामसभेची वाटच पाहू नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली त्यांना ठरलेले दिवस आहेत. अर्ज करा, पोच घ्या, दिवस उलटले की अपील करा.

कोणती सभा, केव्हा

ग्रामपंचायतीची मासिक सभा ही निवडून आलेल्या सदस्यांची. ग्रामसभा ही गावच्या मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येकाची. दोन्हीत गल्लत करू नका. ‘आम्ही मिटिंगमध्ये घेतलंय’ असं कुणी म्हणालं तर कोणत्या मिटिंगमध्ये, हे विचारा.

आर्थिक वर्षात निदान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आगेमागे होतात. सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी आणि विशेष ग्रामसभेची चार दिवस आधी निघायला हवी, शिवाय दवंडी. आता दवंडीची जागा बऱ्याच गावांत घंटागाडीच्या भोंग्याने आणि व्हॉट्सॲप ग्रुपने घेतली आहे. ग्रुपवर नोटीस पडली तरी फलकावरची नोटीस जाऊन बघा आणि तारखेसकट फोटो काढून ठेवा.

या चारांतली आर्थिक वर्षातली पहिली सभा हिशेबाची. कलम ८ प्रमाणे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षातली नियोजित कामं आणि शेवटची लेखापरीक्षण टिपणी तिच्यापुढे ठेवायची असते. लेखापरीक्षणातल्या आक्षेपांवर प्रश्न विचारायची ही हक्काची जागा, आणि नेमकी हीच सभा लोक उन्हाळ्याच्या नावाखाली टाळतात. २ ऑक्टोबरच्या आसपासची सभा पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्यासाठी महत्त्वाची. आराखड्यात नसलेल्या कामाला वित्त आयोगाचा निधी मिळवणं फार जिकिरीचं जातं, म्हणून मोठ्या कामाची मागणी ऑक्टोबरच्या आत कागदावर आली पाहिजे. डागडुजीसाठी मात्र एवढं थांबायचं कारण नाही. ती ग्रामनिधीतून, म्हणजे गावाने भरलेल्या घरपट्टी-पाणीपट्टीतून होते.

प्रश्न डोळ्यांनी दाखवता येईल असा करा

‘पाणी घाण येतं’ एवढ्यावर कुणी हलत नाही. आठ-दहा दिवस एक वही घाला. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणकोणत्या घरी पाणी गढूळ आलं. गळती कुठं आहे ती जागा खुणेसकट: अमक्याच्या गोठ्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत, अंदाजे किती मीटर. गटाराचा आणि पाइपाचा एकाच चौकटीत येईल असा फोटो.

मग क्लोरीन. गावच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकणं हे जलसुरक्षकाचं काम, आणि ते पडलं की नाही हे ओटी टेस्ट सांगते. नळाच्या पाण्याचा नमुना छोट्या नळीत घ्यायचा, त्यात द्रावणाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे, रंग बदललाच नाही तर नाही. आरोग्य सेवकाला किंवा आशाताईंना सोबत घ्या आणि टेस्ट टाकीजवळच्या पहिल्या घरी न करता आळीच्या शेवटच्या घरी करायला लावा. टाकीजवळ पिवळा आणि शेवटच्या नळाला पांढरा असा निकाल आला, तर मधे पाणी दूषित होत असल्याची शंका घ्यायला जागा आहे. तेवढ्यावर नमुना प्रयोगशाळेत पाठवायची लेखी मागणी करा. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायचे संच गावांना दिलेत आणि पाच महिलांना ते वापरायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. त्या पाच जणी कोण, हेही ग्रामसभेत विचारण्यासारखं आहे.

आणखी एक कागद बहुतेकांना माहीत नसतो. पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर होतं आणि जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाला कोणतं मिळालं ते विचारा. लाल असेल तर अर्धा युक्तिवाद तिथंच झाला.

अर्ज

नोटीस निघायची वाट न पाहता अर्ज द्या, म्हणजे विषय विषयपत्रिकेवर येतो. नाहीतर तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या शेवटच्या रांगेत जातो. तोवर निम्मी सभा उठून गेलेली असते, किंवा अध्यक्षांची परवानगीच नसते. अर्ज छोटा हवा:

“मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी यांस,
विषय : खालच्या आळीतील जलवाहिनीची गळती व गटार दुरुस्ती हा विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेणेबाबत.
वरील ठिकाणी जलवाहिनीचा जोड गटारात असून गेल्या पंधरवड्यात सोबतच्या यादीतील घरांना गढूळ पाणी आले. ओटी टेस्टच्या नोंदी व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. तरी हा विषय ग्रामसभेपुढे ठेवावा व तसे लेखी कळवावे, ही विनंती.”

खाली आळीतल्या लोकांच्या सह्या. एकाच भावकीच्या सगळ्या सह्या नकोत. अर्जावर दोन्ही पार्ट्यांची माणसं दिसली की विरोधाची हवा निघून जाते. दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊन या. ‘ठेवा टेबलावर, बघतो’ म्हटलं तरी हलायचं नाही. ग्रामसेवक भेटतच नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती हीच पोच. (ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं २०२४ मध्ये एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं नाव दिलंय. गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात, पण अर्जावर नवं पदनाम लिहावं.)

अर्ज देण्याआधी स्वतःची पाणीपट्टी भरून टाका. हे मी गमतीने सांगत नाही. सभेत पहिला टोला तोच येतो: ‘आधी थकबाकी किती आहे ते सांगा की!’ कायद्याने थकबाकीदारालाही बोलायचा हक्क आहे, पण भर सभेत तो वाद घालण्यात तुमची वेळ जाते आणि गळती राहते बाजूला.

महिला सभा चुकवू नका

प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. बऱ्याच ठिकाणी ती बचत गटाच्या रजिस्टरवर सह्या घेऊन ‘झाली’ असं लिहिलं जातं. पाण्याचा प्रश्न असेल तर खरी साक्ष तिथंच मिळते, कारण हंडा कुणाचा भरतो आणि किती वाजता, हे घरातल्या बाईला पाठ असतं. तिथं विषय झाला की तो ग्रामसभेपुढे मांडला जावा, एवढं बघा. मोठ्या सभेत जी बाई दोन वाक्यं बोलायला बिचकते, ती तिथं टँकरवाल्याच्या बिलापर्यंत सगळं सांगते.

सरपंचताई खुर्चीवर आणि उत्तरं त्यांचे यजमान देतायत, असं चित्र अजून दिसतं. त्यावर भांडण काढण्यापेक्षा प्रश्न थेट ‘सरपंचताई, आपण सांगा’ असा त्यांनाच विचारावा. यजमानांनी तोंड उघडलं तरी पुन्हा शांतपणे ताईंनाच. दोन-तीन सभांत फरक पडतो.

गणपूर्ती आणि तहकुबीची खेळी

ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल ती. ४०० मतदारांच्या गावात ६० माणसं पुरतात, २००० च्या गावात १००. ती भरली नाही तर सभा तहकूब होते. आता खरी गोम: तहकूब झालेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही. लोक ‘कोरम नाही’ ऐकून घरी जातात आणि पुढच्या तारखेला बारा-पंधरा माणसांत सगळे ठराव मंजूर होतात, तेही कायदेशीर. म्हणून सभा तहकूब झाली की पुढची तारीख, वेळ आणि जागा तिथल्या तिथं वदवून घ्या, आणि त्या सभेला आपली माणसं अगत्याने आणा.

हजेरीच्या रजिस्टरवर सही करताना वरचं शीर्षक आणि तारीख वाचा. घरी शिपाई रजिस्टर घेऊन आला तर सही करायची नाही. सभेला न जाता केलेली सही म्हणजे न वाचलेल्या ठरावाला दिलेली संमती.

सभेत

सुरुवात मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्यापासून होते. हा भाग पाच सेकंदांत उरकायची पद्धत आहे.

‘भाऊसाहेब, मागचं प्रोसिडिंग वाचून दाखवा.’
‘वाचलं समजा की आता, वेळ झालाय.’
‘नाही, ठराव तेवढे वाचा. कुठला झाला, कुठला राहिला ते सांगा.’

एवढ्या तीन वाक्यांनी सभेचा नूर पालटतो. जुन्या ठरावांचं काय झालं हे एकदा सर्वांसमोर आलं की नवीन ठराव ढिला लिहायला हात धजत नाही.

आपला विषय आला की तीन मिनिटांत संपवा. काय होतंय, कुठं, किती घरांना, काय केलं पाहिजे. मागच्या पंचवार्षिकमध्ये कुणी काय खाल्लं, हे नको, तेवढ्यावर सभा फुटते. बोलणारा एक आणि दुजोरा देणारे दोघं-तिघं वेगवेगळ्या गल्लीतले, हे आधी ठरवून जा.

ठरावाचे शब्द: सगळं इथं आहे

बहुतेक प्रोसिडिंग बुकांत असा ठराव सापडतो: “खालच्या आळीतील पाणीप्रश्नावर सविस्तर चर्चा झाली. योग्य ती कार्यवाही करण्याचे सर्वानुमते ठरले.” हा ठराव पाच वर्षांनी वाचला तरी खराच असतो, कारण त्यात कुणी, काय, कधी करायचं यातलं काहीच नाही. चर्चा झाली, हे खोटं म्हणता येत नाही.

त्याऐवजी मसुदा घरून लिहून न्या आणि सभेत वाचून तोच नोंदवायला सांगा:

“खालची आळी, गोठ्यापासून मारुती मंदिरापर्यंत, अंदाजे ४० मीटर लांबीत जलवाहिनी गटारातून जाते व एक जोड गळत आहे. सबब (१) गळती सात दिवसांत ग्रामनिधीतून दुरुस्त करावी. (२) तोपर्यंत आळीतील शेवटच्या नळाची ओटी टेस्ट दररोज करून नोंद फलकावर लावावी. (३) जलवाहिनी गटाराबाहेरून नेण्याचे अंदाजपत्रक शाखा अभियंत्यांकडून एक महिन्यात घ्यावे व हे काम पुढील वर्षाच्या विकास आराखड्यात पाणी व स्वच्छतेच्या बंधित निधीतून प्रस्तावित करावे. (४) केलेल्या कार्यवाहीचा अहवाल पुढील ग्रामसभेत ठेवावा. सूचक : … अनुमोदक : …”

यात जागा आहे, लांबी आहे, पैसा कुठला ते आहे, मुदत आहे, आणि चौथ्या कलमाने विषय पुढच्या सभेत आपोआप परत येतो. बंधित निधीचा उल्लेख मुद्दाम केलाय. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतीच्या अनुदानातला मोठा वाटा, २०२१-२२ पासून ६० टक्के, पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. ‘निधी नाही’ असं उत्तर मिळालं तर चालू वर्षी बंधित खात्यावर किती शिल्लक आहे, हा साधा प्रश्न विचारा.

सूचक-अनुमोदकांची नावं लगेच लिहायला लावा. सभा संपण्यापूर्वी लिहिलेला ठराव पुन्हा वाचून घ्या. ‘नंतर फेअर करतो’ म्हणून उचललेल्या वहीत काय फेअर होऊन येईल याचा भरवसा नसतो. शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून अध्यक्ष आणि सचिवांची सही तिथंच झाली तर उत्तम.

ठरावाची ताकद किती, यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात: ठरावाने काहीही करता येतं, आणि ठरावाने काहीच होत नाही. दोन्ही चूक. ग्रामसभेला कायदा मोडता येत नाही, कुणाला वाळीत टाकायचा किंवा कुणाचा नळ रागाने तोडायचा ठराव टिकत नाही. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि १७ मे रोजी राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. हिवरे बाजारात पावसाच्या आकड्यांवरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून पिकं ठरवण्याची पद्धत आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, ते ग्रामसभेच्या वर्षानुवर्षांच्या कामामुळे. पेसा क्षेत्रात, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागात, तर १९९६ च्या कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी पाड्याचीसुद्धा स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, आणि तिचे अधिकार इतर गावांपेक्षा बरेच जास्त आहेत.

दारूबंदीचा विषय मात्र वेगळा. तिथं नुसता ठराव पुरत नाही. महिलांच्या किंवा मतदारांच्या २५ टक्के सह्यांची मागणी, मग गुप्त मतदान, आणि एकूण नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या बाजूच्या चिन्हाला, पडावी लागतात. हजर राहिलेल्यांच्या निम्मी धरून चालत नाही, आणि बऱ्याच गावांचं घोडं इथंच अडतं.

सभेनंतरचे दोन महिने

आठवड्याभरात ठरावाच्या प्रतीसाठी अर्ज करा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, नेमकी तारीख आणि ठराव क्रमांक. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ‘सर्व कागदपत्रे मिळावीत’ असं कधी लिहू नका, त्याचं उत्तर ‘माहिती मोघम आहे’ असं येतं.

आपल्या वॉर्डाच्या सदस्याला मासिक सभेत विषय काढायला सांगा, कारण खर्चाची मंजुरी तिथं होते. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा आराखडा आणि वित्त आयोगाचा खर्च मोबाइलवर दिसतो. गटाराचं काम तिथं ‘पूर्ण’ दिसत असेल आणि गल्लीत खड्डा तसाच असेल तर दोन्हीचे फोटो एकाच दिवशी काढून ठेवा. काम चालू असताना शाखा अभियंता मोजमाप घ्यायला येतात तेव्हा आळीतलं कुणीतरी हजर असावं. पाइप किती खोल गेला हे माती लोटल्यावर कुणालाच दिसत नाही.

काहीच हललं नाही तर गटविकास अधिकाऱ्यांना ठरावाची प्रत जोडून पत्र. तिथं महिना गेला तर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, किंवा तालुक्याचा लोकशाही दिन, तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. आमदार-खासदारांकडे जाणं शेवटी ठेवा. ते फोन करतात, काम होतंही, पण पुढच्या गळतीला पुन्हा फोनच लागतो.

आणि ग्रामसभाच होत नसेल तर? पुरेशा कारणाशिवाय ग्रामसभा न घेणाऱ्या सरपंचाचं पद कलम ७ प्रमाणे जाऊ शकतं, सचिवावरही कारवाई होऊ शकते. पंचायत समितीने किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी मागणी केली तर सरपंचाला सभा बोलवावीच लागते. तेव्हा अर्ज तिकडे करा, आणि रिकाम्या नोटीस फलकाचे तारखेसकट काढलेले फोटो सोबत जोडा.

पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्यांसाठी: नाव गावच्या मतदार यादीत असेल तरच तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. ग्रुपवरचा ‘मी सहमत’ हा संदेश हजेरीत धरला जात नाही, आईवडिलांनी तुमच्या नावाने केलेली सहीसुद्धा नाही. यायला जमत नसेल तर फोटो, मसुदा, ऑनलाइन खर्चाचे कागद तयार करून गावातल्या माणसाच्या हाती द्या. गावात नेमकी याच कामाला माणसं कमी पडतात.